बेहड्यावरची धनचिडी

केळझर,
शनिवार, दुपार

प्रिय कांते,

आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. खुशाली या खेपी विचारत नाई, तुझ्या घरी सारं बरं असंलच. हे पत्र मी स्वतः लिहून राह्यली. दरवेळी प्रमिलाबाई मास्तरणीकडून लिहून घेते, या वेळी घेतलं नाई, कारण यात जे आहे ते तिसऱ्याच्या कानी जायले नको. समाजशिक्षणाच्या वर्गात दोन हिवाळे पाटी घासली, ती आज कामी आली म्हणायची. ऱ्हस्व-दीर्घ पाहू नको. तू चार बुकं शिकली म्हणून हसू पण नको. वाच, अन् शेवटपर्यंत वाच. मधेच डोळ्यांले पदर लावून बसू नको, तुझी ती सवय मले माहीत आहे. लहानपणी त्यानं तू सुटून जायचीस.

सरळ विचारते. नाल्यापलीकडचं आपलं बेहड्याचं झाड तू त्या जडीबुटीवाल्याले काऊन सांगितलं? मी नाई सांगितलं असं म्हणू नको. शेळ्या चारणाऱ्या रामाजीनं त्याच्या तोंडून ऐकलं आहे. त्या जडीबुटीवाल्यानं धनचिडीचा नर धरून नेला, अन् मादी आत भिंतीआड पिलांसंगट उपाशी बसली. ते झाड या जगात तीनच माणसांले माहीत होतं. माय, मी अन् तू. माय वर गेली. मी सांगितलं नाई. मंग राह्यलं कोण?

तुले आठवत नसंल तर आठवण करून देते. माय गेली तवा तू अडीच वर्षांची होतीस अन् माझ्या कडेवर वाढली. पहिल्यांदा तुले त्या झाडाखाली नेलं तवा तू सहा-सात वर्षांची असशील. उन्हाळा होता, आपण तेंदूची पानं तोडायले गेलतो. वरून घारीसारखी किंचाळी आली, तू म्हणाली, "बाई, घार!" मी म्हटलं, घार नाई, धनचिडी आहे, नीट पाह्य. घारीएवढंच पाखरू, पण सारं राखेच्या रंगाचं, जणू चुलीत लोळून आलेलं. डोळ्यावर पांढुरकी भुवई. शेपटी लांब, टोकाशी काळा पट्टा अन् त्याच्या खाली पांढरं. चोच विळ्यासारखी वाकडी, अन् चोचीवर आणखी एक टोकदार शिंग. तू माझा पदर ओढून विचारलं, "हिच्या नाकावर दुसरं नाक काऊन आहे वं?" मी हसून हसून खाली बसली. डोळ्यांले पापण्यांचे केस असतात, बाईमाणसासारखे, हे पण तुलेच पहिल्यांदा दिसलं. माझ्या ध्यानात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. उडतात कशा तेही तूच मले नाचून दाखवायची. चार वेळा पंख मारायचे, मंग तरंगायचं, खाली जायचं, पुन्हा मारायचे. एकीच्या मागं दुसरी, दुसरीच्या मागं तिसरी, बाजाराले निघालेल्या बैलबंड्यांसारखी रांग. जमिनीवर काही उतरत नाईत. उंबरावर, वडावर, पिंपळावर पोट भरतात. पिवळ्या कण्हेरीचं फळ, जे खाऊन माणूस मरते, ते त्या खुशाल गिळतात. तू म्हणाली होतीस, आपल्या आत्याले पण ते पचंल. खूप वात्रट होतीस तू.

मंग मी तुले ढोली दाखवली. दोन माणसं एकावर एक उभी राह्यली तर हात पोचंल एवढ्या उंचीवर. तिथं तुले आधी काही दिसलं नाई, नुसती फुगलेली साल दिसली. कारण ढोलीचं तोंड लिपलेलं होतं. मी सांगितलं, आत मादी आहे. अंडी घालायच्या आधी ती आत शिरते अन् आतून तोंड लिपून घेते. आपण शेणामातीनं लिपतो, ती आपल्याच घाणीनं अन् लाकडाच्या भुशानं लिपते, अन् वाळलं की ते असं कडक होते की कुऱ्हाडीले पण दाद देत नाई. एक उभी फट ठेवते, दोन बोटांची. साप नाई जात, माकडाचा हात नाई जात. आत बसल्या बसल्या तिचे पंखाचे पिसं गळून जातात, उडता येत नाई. दोन-अडीच महिने जे खायले मिळंल ते नवऱ्याच्या चोचीतून. तू विचारलं, "अन् नवरा आला नाई तर?" मी म्हटलं, मरते. मायनं मले असंच सांगितलं होतं, मी तुले सांगितलं. तेवढ्यात तो आला. आधी बाजूच्या सालईवर बसून इकडंतिकडं पाह्यलं, मंग खोडाले चिकटला अन् चोच ठोकली. फटीतून तिच्या चोचीचं टोक बाहेर आलं. त्यानं गळ्यातून उंबर काढला, दिला. आणखी काढला, दिला. तू मोजून राह्यलीस. सतरा झाले. तू म्हणाली, "बाई, त्यानं स्वतः एक पण नाई खाल्ला." त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाईस, विसरली का?

त्यानंतर किती साल गेले. ते जोडपं बदललं असंल, झाड तेच. आताचा जो नर होता त्याच्या चोचीचं टोक डावीकडून फुटलेलं होतं, म्हणून मी त्याले खांड्या म्हणत होती. सात साल तोच येत होता. ती आत असली की त्या झाडाखाली आपण पानं तोडत नाई, मोह वेचत नाई, सरपण काढत नाई, अन् झाडाचं नाव कोणापुढं काढत नाई. देवाची आण नाई, काही नाई, मायची रीत होती एवढंच. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी साऱ्या बाया तुले हळदीले शोधून राह्यल्या अन् तू हळदीच्या अंगानं बेहड्याखाली उभी होतीस. मी तुले कान धरून आणलं. वाटेत तू म्हणाली, आनंदराव खांड्यासारखा निघंल काय वं? मी म्हटलं, खांड्यासारखा नवरा कोणालेच भेटत नाई, चाल मुकाट्यानं.

आता माझ्या टोंगळ्यांचं. ते तुले ठाऊकच आहे, प्रत्येक पत्रात मीच रडली. होळीपासून उजवा टोंगळा असा धरला की बसली तर उठता येत नाई, उठली तर बसता येत नाई. तुझ्या लेकाच्या बारशाले म्हणून तर आली नाई. त्यावर तू लिहिलं की ज्या बाईनं मले वाढवलं तीच नाई आली, लोकांनी मले विचारलं. ते वाक्य मास्तरणीनं वाचून दाखवलं तवा मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पायाले कोण समजवंल? बेहड्याकडं जाणंही बंद झालं होतं. सारा उन्हाळा घरात बसून तुझ्या भाऊजींले विचारायची, लाकूडतोडीच्या कूपावरून येता येता नाल्याकडून किंचाळी ऐकू आली का? ते म्हणायचे, "आली, तुझ्याच नावानं ओरडत होती."

गेल्या शनिवारी तुमच्या समुद्रपूरच्या मोटारीवरचे महादेवराव आले अन् तुझी बोटभर बाटली देऊन गेले. संगट तुझी चिठ्ठी. चिठ्ठी मी स्वतः वाचली, एक एक अक्षर लावून. तू लिहिलं होतं, "बाई, तिळाच्या तेलात मुळ्या उकळल्या आहेत, गरम करून चोळजो, गुण येईल." शनिवारी चोळलं, रविवारी दोन वेळा चोळलं, वर विटेचा शेक दिला. तुझे भाऊजी हसत होते, "आज राणीसाहेब पलंगावर, आम्ही चुलीवर." त्यांनी भाकरी थापल्या, त्या छपरावरच्या कवेलूसारख्या झाल्या, पण थापल्या. सोमवारी सकाळी मी उठली तर टोंगळा वाकला. कांते, तुले काय सांगू, मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या. शेजारच्या रामबाईले बोलावून तुझं कौतुक केलं. माझी बहीण म्हणजे माझी लेक आहे, असं म्हटलं. अन् दुपारी काठी घेऊन पहिल्यांदा कुठं गेली असंल तर बेहड्याकडं गेली. नाला उतरली, चढली. मनात म्हणत होती, चाल, आता खांड्याची धावपळ पाहू.

तिथं किंचाळी नाई, काही नाई. मी बसून राह्यली. दोन घटका झाल्या, तो आला नाई. आधी म्हटलं, लांब गेला असंल. मंग खाली पाह्यलं. राखेच्या रंगाची पिसं, मूठभर. फटीच्या बाजूले खोडात एक काडी खोचलेली, तिले चिकटा लावलेला, अन् त्या चिकट्याले आणखी पिसं. त्याच्या बसायच्या जागी. ज्यानं लावली त्याले तो कुठं बसते हे पक्कं माहीत होतं. नाल्याच्या काठी तीन दगड, विझलेली राख, अन् एका गाडग्याचं फुटकं बूड. मी ते उचललं. आत चिकट पिवळं काही होतं. वास घेतला. पुन्हा घेतला. मंग लुगडं वर करून आपल्या टोंगळ्याचा वास घेतला.

तोच होता.

रामाजी वरून शेळ्या घेऊन आला तवा मी तशीच बसलेली होती. तो म्हणाला, गुरुवारी दोघं जण आलते, एक पगडीवाला, त्याच्याजवळ मुळ्यांची झोळी. रामाजीनं विचारलं, कोणतं गाव? तर तो म्हणाला, "समुद्रपूरच्या बाजारात बसतो. तिथल्या एका बाईनं झाड सांगितलं, बेहड्याचं, नाल्यापलीकडं, दोन फांद्या फुटतात त्या दुबेळक्याच्या खाली ढोली. बहिणीसाठी तेल पाह्यजे म्हणे." अन् वर शहाणपण पण सांगून गेला, की मादी कोंडलेली असतानाच नर धरायचा, त्याचंच तेल सांध्यांले लागू पडते, एरवीच्या पाखराचं पडत नाई. रामाजी मले म्हणाला, "बायजाबाई, तुले तर गुण आला, वाट चढून आली!" मी त्याले अशी काही बोलली की तो शेळ्या घेऊन पळाला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

घरी आली अन् टोंगळे राखेनं घासले, रिठ्यानं घासले, चिंचेनं घासले. वास जात नाई. तुझे भाऊजी म्हणाले, "पाखरापायी कोणी सख्ख्या बहिणीवर असं चिडते काय? तिनं तुझ्यासाठीच केलं ना?" हेच तर. माझ्यासाठी केलं. तू ते आपल्या सासूसाठी केलं असतं तर मी तुले दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. तू माझ्या नावानं केलं, माझंच झाड सांगून केलं, अन् मले तिळाचं तेल म्हणून लिहिलं. तिळाचं काऊन लिहिलं? कारण तुले माहीत होतं की खरं लिहिलं तर बाई बाटली नाल्यात फेकंल. म्हणजे ते वाईट आहे हे तुले ठाऊक होतं, कांते. नकळत केलं नाईस. सतरा मोजणाऱ्या पोरीनं केलं. मी ढोलीतल्या त्या बाईच्या नवऱ्याले आपल्या हातानं अंगाले चोळून घेतलं अन् वरून तुझं कौतुक केलं, एवढं तू माझ्याकडून करवून घेतलं. अन् खरं सांगू? टोंगळे अजून बरे आहेत. त्या तेलानं की जन्मात पहिल्यांदा दोन दिवस पाय पसरून शेकले म्हणून, देव जाणे. पण बरे आहेत. चालताना दुखत नाई अन् दर पावलाले आठवते.

तर मंगळवारी पहाटे मी तुझ्या भाऊजींले घेऊन गेली. कुरकुर करत आले. लांब बांबू तोडला, टोकाले चीर पाडली, चिरेत उंबर अडकवला अन् फटीपाशी नेला. आत ती आहे हे चोचीच्या टोकावरून कळत होतं, पण ती उंबर घेईना. बांबूलेच चोच मारी. मी खालून ओरडली, "खा ना वं, आता तुह्या नवऱ्याची वाट नको पाहू!" तुझे भाऊजी म्हणाले, "शिव्या देऊन जेवू घालशील तर कोण जेवंल?" मंग मी ओरडणं सोडलं. त्यांनी बांबूनं खोडाले हळूच टक टक केलं, तो करत होता तसं. तवा चोच बाहेर आली अन् उंबर आत गेला. त्या दिवशी तिनं अकरा घेतले. तिनं स्वतः खाल्ले की नाई कोण जाणे, प्रत्येक उंबर घेऊन ती मागं वळायची, अन् आतून चिरका आवाज यायचा. बुधवारीही तेच. मान वर करून करून माझी मान धरली, म्हणजे आता टोंगळ्याचं दुखणं मानेले.

गुरुवारी आम्ही पोचलो तर ती आतून भिंत फोडून राह्यली होती. ठक, ठक, ठक. मले वाटलं होतं ती आतच मरंल. माय तसं म्हणायची. पण मायनं कधी नर मेलेला पाह्यला नव्हता, तिनं ऐकलेलं सांगितलं, अन् मी तेच तुले. दुपारपर्यंत भोक झालं अन् ती बाहेर आली. कांते, तिची दशा काय लिहू. पंख अर्धे उघडे, शेपटी मळलेली अन् मुडपलेली. उडाली नाई, पडल्यासारखी सालईवर गेली. तिथून उड्या मारत, फांदी धरत, नाल्याकाठच्या उंबरावर. मी म्हटलं, गेली, पिलांले टाकून गेली. एक पिलू मेलेलं होतं, ते तिनं आधीच बाहेर ढकललं होतं, आम्हाले खाली सापडलं. दुसरं आत चिरकत होतं. अर्ध्या घटकेनं ती परत आली, तशीच उड्या मारत, अन् गळ्यातून उंबर काढून त्याले दिला. मी तिथंच बसली अन् रडली. मी रडली असं कोणाले सांगू नको.

काल शुक्रवारी आणखी एक पाह्यलं. ते पिलू, अंगावर धड पिसं नाईत, ते आतून भिंत लिपून राह्यलं होतं. आपल्याच घाणीनं, चोचीनं थापून थापून. त्याच्या मायनं फोडलेलं भोक त्यानं फटीएवढं करत आणलं. त्याले कोणी शिकवलं? बाहेर काय झालं ते त्याले काय माहीत, पण दार उघडं ठेवायचं नाई एवढं त्याले समजलं. तू अन् मी, आपल्याले नाई समजलं. तुझे भाऊजी बांबू टेकवून पाहतच राह्यले. म्हणाले, "गवंडी आहे लेकाचं." ते जगंल का नाई ते मी सांगू शकत नाई. त्याची माय एकटी आहे अन् तिले उडता येत नाई. आम्ही रोज एक फेरी मारतो.

आता हे पत्र काऊन लिहिलं ते. नुसत्या शिव्या द्यायच्या असत्या तर तू दिवाळीले येशील तवा तोंडावर दिल्या असत्या, त्यासाठी सारी दुपार बोटं मोडत बसली नसती. सोमवारी सकाळी, टोंगळा वाकला त्या आनंदात, बेहड्याकडं जायच्या आधी, मी महादेवरावांजवळ तुले निरोप धाडला होता की गुण आला, बाटली लहान होती, आणखी एक धाड. मीच. माझ्या तोंडानं. आज सकाळी ते आले अन् तुझं उत्तर सांगितलं, "बाईले म्हणा काळजी करू नको, येत्या बुधवारच्या बाजारात तो माणूस येते, खोरीतल्या मोहाचं झाड मले माहीत आहे." ते झाड गेल्या साली मीच तुले दाखवलं, कांते. तिथली मादी उशिरा बसली, अजून लिपलेलीच आहे, अन् तिचा नर दिवसभर उंबर नेऊन राह्यला. उद्या रविवारी हे पत्र महादेवराव तुझ्या हातात देतील. बुधवारी त्या माणसाले झाड सांगू नको. सांगून बसली असशील तर काहीही कर, म्हणावं झाड तोडलं, म्हणावं बाई मेली, पण त्याले अडव. मी तुझ्यावर रागावली आहे अन् तो राग इतक्यात जाणार नाई, त्याचं काय करायचं ते आपण समोरासमोर पाहू. पण पहिली बाटली तू मले न सांगता धाडली, ही दुसरी मी मागितली आहे. ही आली तर मंग तुले बोलायले मले तोंड उरणार नाई.

रागावलेली, पण तुझीच,
बायजा